भिंतीतली नीळ आणि माझं काळं आभाळ

माझं आजोळ औसा तालुक्यात, किल्लारीपासून फार लांब नाही. आजोबांचं माळवद होतं तिथं, आता चार भिंती आहेत आणि मधे बाभळी. गेली पाच-सहा वर्षं उन्हाळ्यात जमेल तेव्हा मी कॅमेरा घेऊन त्या भागात फिरतोय, पडकी माळवदं शोधत, आणि फोटो सगळे ब्लॅक अँड व्हाइट. ब्लॅक अँड व्हाइटच का, असं बरेच जण विचारतात आणि मला खूप दिवस त्याचं नीट उत्तर देता येत नव्हतं. आता थोडं थोडं देता येतंय, ते एका आजींमुळं, पण त्यांचं पुढं सांगतो.

माळवद ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी आधी घराबद्दल. लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर सरे, सऱ्यांवर आडव्या किलचा म्हणजे लाकडाच्या बारीक पट्ट्या, त्यावर पाला, चिखल आणि सगळ्यात वर पांढरी माती. ही माती गावातल्या गढीची नाहीतर जुन्या पांढरीची, म्हणजे जुन्या गावठाणाची, चोपून बसवली की पाणी आत शिरू देत नाही, दरवर्षी मृगाच्या आधी बैलगाडीनं आणून टाकायची. भिंती काळ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या, दोन-अडीच फूट रुंद. मे महिन्यात बाहेर बेचाळीस असताना आत गेलं की अंगावर गार पाणी घेतल्यासारखं वाटायचं. आणि छताला मधे एक भोक असतं, साणं, काही जण सवणं पण म्हणतात. धूर बाहेर जायला आणि उजेड आत यायला तेवढीच वाट, कारण भिंतींना खिडक्या जवळजवळ नसायच्याच.

१९९३ च्या भूकंपात ह्याच मातीचं वजन जीवावर उठलं. ३० सप्टेंबरची पहाट, चार वाजायच्या जरा आधी, आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालेलं, माणसं गाढ झोपेत. दरवर्षी नवी माती टाकली जायची पण जुनी उतरवायची नाही, त्यामुळं थर वाढत जायचा. दहा बाय दहाच्या खोलीवर दीड फूट माती धरली तरी सहा टनांच्या वर वजन होतं, मी हा हिशोब एकदा कागदावर मांडला आणि पुढं बराच वेळ काही सुचलं नाही. भिंतीत दगड दोन्ही बाजूंनी रचलेले, मधे नुसती भर, आरपार बांधून ठेवणारा लांब दगड नाही, मग हादरा बसला की भिंत फुगून फुटायची. हजारो माणसं गेली. ज्यांची घरं उभी राहिली त्यांनीही माती उतरवून पत्रे टाकले, कित्येक जण कित्येक महिने आत झोपायलाच धजावले नाहीत. माझी मामी अजूनही रात्री भांडं पडलं तर उठून बसते.

त्यामुळं 'किती सुंदर होतं ना जुनं सगळं' असा फोटो माझ्याच्यानं काढवत नाही. ही घरं सुंदर होती हे खरं आणि त्यांनी माणसं मारली हेही खरं, दोन्ही त्या एकाच भिंतीत आहे.

पण मला ही भिंत बघत राहावीशी वाटते. रंगीत फोटो काढला की नजर भलतीकडंच जाते, मागं निळा पत्रा असतो, कुणाच्या तरी वाढदिवसाचं फ्लेक्स असतं, पिवळी पाण्याची टाकी असते, आणि भिंत राहते मागं. ब्लॅक अँड व्हाइट केलं की काळा दगड आणि पांढरी माती पुढं येतात, आणि मुळात ते घर बांधलेलंच ह्या दोनांतून आहे. सकाळी साडेसात-आठचं तिरपं ऊन भिंतीवर घासून जातं तेव्हा गिलाव्यावर सारवणाऱ्या हाताच्या बोटांच्या रेघा दिसतात, अर्धगोल अर्धगोल, कुणातरी बाईचा हात पोचेल एवढ्या. तासाभरानं ऊन समोर आलं की त्या गायब.

छत शाबूत असलेलं घर मिळालं तर मी दुपारी बारा-साडेबाराला साण्याखाली बसतो. उन्हाचा खांब सरळ खाली उतरतो, धूळ त्यात तरंगते, आणि खोलीचा बाकीचा भाग इतका काळा की डोळे सरावायला दहा मिनिटं लागतात. कॅमेऱ्याला एवढा फरक एका फोटोत झेपत नाही, म्हणून मी उजेडाचं माप उन्हाच्या डागावर घेतो आणि कोपरे खुशाल काळे होऊ देतो. बाहेर नेमकं उलटं, पांढऱ्या मातीच्या भिंतीवर कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर फसतं, तिला राखाडी करून टाकतं, तिथं उजेड एक-दीड स्टॉप, म्हणजे दुपटीहून जास्त, वाढवावाच लागतो.

घर पडायची पण एक पद्धत असते. माती टाकणारं कुणी उरलं नाही की माळवदावर गवत, मग पिंपळ, मुळं खाली शिरली की पाणी मुरतं, आधी किलचा कुजतात, तुळईला वाळवी लागते, एक कोपरा खचतो. छत गेलं की भिंतीचा माथा उघडा पडतो आणि दगडांमधली माती दर पावसाळ्यात धुऊन जाते. दरवाजा मात्र त्याच्या आधीच गेलेला असतो. नक्षीची चौकट, सागवानी खांब विकत घेणारे लोक गावोगाव फिरतात. चौकट काढलेल्या जागी भिंतीला जे खिंडार राहतं त्याचा फोटो काढायला मला अजून जमलेलं नाही, दरवेळी तो नुसता पडका भाग वाटतो, कुणीतरी काढून नेल्यासारखं वाटतच नाही.

तर त्या आजी. तीन वर्षांपूर्वी एका गावात छत गेलेल्या खोलीत ट्रायपॉड लावत होतो, मागून आवाज आला, "काय करायलास रं लेकरा पडक्या घरात?" त्यांचंच घर होतं, आता शेजारी पत्र्याच्या दोन खोल्यांत राहतात. चहा झाला, फोटो झाले, पुढच्या वेळी प्रिंट आणतो म्हणालो.

त्या फोटोत भिंत होती आणि वर उघडं आभाळ. मला आभाळ काळंभोर हवं होतं, जुन्या लाल फिल्टरसारखं, म्हणून एडिट करताना निळ्याचा स्लायडर पार खाली ओढला, म्हणजे मूळ फोटोत जे जे निळं ते ब्लॅक अँड व्हाइटमध्ये गडद होतं. आभाळ झकास झालं. मोठा प्रिंट काढला आणि दिवाळीत घेऊन गेलो. आजींनी हातात धरला, लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाल्या, "ह्या खोलीत चूल नव्हती रं, भिंत एवढी काळी कशानं केलीस? नीळ टाकून चुना दिलता आम्ही, सासूबाईनी अन् मी."

भिंतीवर फिकट नीळ होती. निळा खाली ओढला तेव्हा आभाळासोबत तीही गेली होती, आणि माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं, मी फक्त आभाळ बघत होतो.

परत आल्यावर तीच फाइल उघडून निळा वर नेला. भिंत उजळली, चुन्याचे कुंच्याचे फटकारे दिसायला लागले, आणि आभाळ पांढरंफट्ट, कागदासारखं झालं. बेर्न्ड आणि हिला बेशर नावाचं जर्मन जोडपं होतं, १९५९ पासून पाण्याच्या टाक्या, कारखान्यांच्या भट्ट्या, तिकडची लाकडी सांगाड्याची घरं असं सगळं त्यांनी ब्लॅक अँड व्हाइटमध्ये टिपलं, मुद्दाम ढगाळ दिवशी, मागं सपाट फिकं आभाळ ठेवून. त्यांचे फोटो मला पूर्वी कोरडे वाटायचे. त्या रात्री ते परत काढून बराच वेळ बघितले.

आता मी वहीत प्रत्येक फोटोसमोर भिंतीचा रंग लिहितो. नीळ, गेरू, नुसता चुना, हिरवा ऑइलपेंट. कोण सांगणारं असेल तर कुणी दिला होता तेही.

दुसरा प्रिंट मी संक्रांतीला नेला. आजी ओट्यावर बसल्या होत्या, चष्मा पदरानं पुसला, फोटो मांडीवर ठेवला. काही बोलल्या नाहीत. मग भिंतीवरच्या एका खुंटीवर बोट ठेवलं, जी मला आजपर्यंत दिसलीच नव्हती, आणि म्हणाल्या, "हितं ह्यांचा पटका असायचा."