डॅश लॉगर, तिसरा बोर्ड: क्रिस्टल ओल्या हवेत झोपत होता

सापडलं एकदाचं! माझा डॅश लॉगर, म्हणजे गाडीच्या कॅन बसवरचे (गाडीतले कंट्रोलर ज्या दोन तारांवर बोलतात, त्यांवरचे) संदेश नोंदवणारा बोर्ड, सकाळी अडत होता. दोष त्या तारांशी जोडणाऱ्या कॅन ट्रान्सीव्हर चिपचा नव्हता, घड्याळाचे ठोके देणाऱ्या क्रिस्टलचा होता.

मागे लिहिलंच होतं. भांडुपला बिल्डिंगखाली रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू केली की एलईडी लुकलुकतो, पण कॅनवर एक फ्रेम (संदेश) येत नाही. थोडं फिरून येऊन चावी बंद-चालू केली की सगळं सुरळीत. घरी टेबलावर तर कधीच अडत नाही. कॅनच्या दोन तारांमध्ये हवे ते ६० ओहम आहेत का, तीनदा मोजलं, ट्रान्सीव्हर बदलला, ५ व्होल्टच्या रेलवर कपॅसिटर वाढवले. सगळं फुकट.

रविवारी सकाळी स्कोप घेऊन गाडीतच बसलो आणि क्लॉकआउट पिन (चिपचं घड्याळ बाहेर दाखवणारी) पाहिली. ८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल उठलाच नव्हता! बोर्डवरचा मायक्रोकंट्रोलर, एस३२के१४४, स्वतःच्या आतल्या आरसी ऑसिलेटरवर चालत होता, म्हणून एलईडी जिवंत. फ्लेक्सकॅनला (त्यातल्या कॅन सांभाळणाऱ्या भागाला) मात्र मी घड्याळ थेट क्रिस्टलच्या ऑसिलेटरकडून दिलंय, म्हणून तो ठप्प. (प्रोब क्रिस्टलच्या पिनवर ठेवू नका. १०एक्स प्रोबसुद्धा १० पिकोफॅरडच्या आसपास भार टाकतो आणि वागणंच बदलतं.)

भिंगाखाली क्रिस्टलच्या पॅडभोवती फ्लक्सचा (सोल्डरिंगनंतर उरलेल्या रसायनाचा) पिवळट, चिकट पापुद्रा दिसला. ऑसिलेटरच्या हाय-गेन मोडमध्ये बाहेरचा फीडबॅक रेझिस्टर १ मेगाओहमचा. अशा ठिकाणी ओलावा धरलेल्या फ्लक्समधून काहीशे किलोओहमची गळती झाली तरी बायस (पिनवरचा स्थिर व्होल्टेज) सरकतो आणि ऑसिलेशन सुरूच होत नाही. खात्रीसाठी बोर्ड चहाच्या आधणावर मिनिटभर धरला. बंद! हेअर ड्रायर फिरवला, चालू. तो दोष हुकमी पुन्हा घडला तेव्हा झालेला आनंद तुम्हालाच कळेल.

मग आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि जुना टूथब्रश घेऊन क्रिस्टलच्या कडेने, खालून, दोनदा घासलं. पुन्हा आधण. दहापैकी दहा वेळा उठला. गेल्या चार सकाळी, धो धो पावसातही, पहिल्याच चावीला फ्रेम येतायत.

कपॅसिटरही चुकले होते. क्रिस्टल १२ पिकोफॅरड लोडचा, म्हणजे त्याला बाहेरून एकूण तेवढी कपॅसिटन्स हवी, आणि मी जुन्या आराखड्यातून २२ चे उचलले होते. दोन कपॅसिटर एकापुढे एक, म्हणून निम्मे ११, त्यात ट्रॅकचे ४ धरले तर लोड १५ होतो. आता १५ चे सीओजी (तापमानाने फारसे न बदलणारे) लावलेत, म्हणजे साडेअकरा. लॅमिंग्टन रोडवर सुटे क्रिस्टल हवे तितके मिळतात, पण लोड विचारला की उत्तर मिळत नाही. डेटाशीट असलेलाच घ्या, चार रुपये जास्त गेले तरी चालतील.

या शनिवारी लोड डंपसाठी (अल्टरनेटरकडून अचानक येणाऱ्या जादा व्होल्टेजच्या झटक्यासाठी) तो झटका अडवणारा टीव्हीएस डायोड बसवणार होतो, ते पुढे ढकललंय. आधी चौथ्या बोर्डवर क्रिस्टलभोवती गार्ड रिंग (गळती अडवणारी तांब्याची कडी) आणि वरून कन्फॉर्मल कोटिंग (ओलावा रोखणारा थर), अर्थात धुतल्यानंतरच, नाहीतर फ्लक्स आतच कोंडला जाईल. हे लिहिता लिहिता सुचलं, एक्सटॅलवर (चिपच्या क्रिस्टलच्या पिनवर) सरळ तयार ठोके देणारा एमईएमएस ऑसिलेटर दिला तर? हाय-इम्पिडन्सचा प्रश्नच मिटतो. चौथ्या बोर्डवर दोन्हींचे फूटप्रिंट ठेवतो. गर्बर (बोर्ड बनवून घ्यायच्या फाइल्स) अजून पाठवलेल्या नाहीत, आज रात्रीच बदलतो.