कारंज्यात कुठं खायचं विचारता? आधी किती वाजले ते सांगा

भाच्याचा फोन आला तेव्हा सकाळचे सव्वाआठ झाले होते आणि मी दारव्हा वेशीबाहेर पोह्याच्या गाडीपाशी उभा होतो. त्याला साडेआठला तिथंच बोलावलं होतं.

"मामा, पोहोचलो कारंज्यात. वेस कुठं आहे?"

"स्टँडवर कोणालेही विचार. शेंबडं पोट्टंही सांगते."

"विचारलं ना तिघांना. इथं वेस-बिस काही नाही म्हणतात."

मले शंका आली. म्हटलं, "बाप्पा, समोरच्या दुकानाची पाटी वाच बरं. कारंज्याच्या पुढं काय लिवलं आहे?"

थोडा वेळ नुसता ट्रकचा आवाज. मग हळूच, "घाडगे."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. विदर्भात कारंजे दोन. एक कारंजा घाडगे, वर्धा जिल्ह्यात, नागपूर-अमरावती हमरस्त्यावर. दुसरं आमचं कारंजा लाड, वाशीम जिल्ह्यात. (१९९८ पर्यंत आम्ही अकोल्यात होतो, म्हणून म्हातारी माणसं अजून अकोला जिल्हाच सांगतात.) आणखी जुनी माणसं बिबीचं कारंजं म्हणायची. भाचा नागपूरचा. मोबाईलच्या नकाशात त्यानं नुसतं 'कारंजा' लिहिलं आणि जे आधी आलं तिकडं गाडी हाकली. आता अमरावती करून येणार म्हणजे माझे पोहे मी एकट्यानंच खायचे.

खाल्ले. आणि दुसरी प्लेट त्याच्या नावानं.

मी उंबर्डा बाजारकडच्या एका खेड्यात मोटारी भरतो, म्हणजे पाण्याच्या जळलेल्या मोटारीला नवी तार गुंडाळून देतो. विहिरीवरची मोटार जळली की शेतकरी ती सायकलवर, मोटरसायकलवर, एकदा तर बैलगाडीत कडब्यावर निजवून माझ्याकडं आणतो. तांब्याची तार, वार्निश, बेअरिंग घ्यायला मी तीस वर्षांपासून कारंज्यात येतो. आठवड्यातून दोनदा तरी. दुकानदार दहाच्या आधी कुलूप काढत नाही आणि परतीची गाडी आपल्या वेळेनं नसते, त्यामुळं आयुष्यातला बराच वेळ मी या गावात खात-पीत थांबलेलो आहे. म्हणून भाच्यानं विचारलं, "मामा, जुन्या गावात कुठं कुठं खायचं ते सांग, मी लिहून घेतो," तेव्हा मी छाती फुगवून सांगितलं. त्यानं ठिकाणं लिहून घेतली. वेळा लिहिल्या नाहीत. आमच्या गावात वेळ गाळली की पत्त्याला काही अर्थ उरत नाही, हे पोट्ट्याला कोण सांगेल.

जुन्या गावाला चार वेशी: दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस. जिकडं रस्ता जातो त्या गावाचं नाव वेशीला. पोहा हे एक गाव आहे. भाच्याच्या वहीत मात्र 'पोहा वेस' च्या पुढं कंसात 'इथे पोहे' लिहिलेलं मी नंतर माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

पोह्याची खरी गंमत सकाळी सात ते नऊ. त्यामागं कापूस आहे. कारंज्याचा कापूस बाजार १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या, म्हणजे तिथल्या इंग्रज रेसिडेंटच्या कचेरीच्या, आदेशानं सुरू झाला. नियम लावून चालवलेला देशातला पहिला बाजार म्हणून शेतकी शिकणाऱ्या पोरांना कारंज्याचं नाव पाठ करावं लागतं. माझ्या लहानपणी बाबा कापसाची गाडी घेऊन रात्रीच निघायचे. मी कापसावर निजायचो. पहाटे थंडीनं दात वाजत असताना गाड्यांच्या रांगेत जो कोणी गरम काही विकेल तो देव. लिलाव सुरू झाला की कोणाला खायची शुद्ध राहत नसे. त्यामुळं जे काही विकायचं ते त्याच्या आत. आता कापसापेक्षा सोयाबीनचे ट्रॅक्टर जास्त दिसतात, पण गाडीवाल्याचं घड्याळ तेच राहिलं. नऊ वाजले की तो कढई खरवडायला घेतो.

इथले पोहे मऊ असतात, हळद बेताची. वरून तर्री. तर्री म्हणजे काळ्या चण्याचा लाल, तेलाचा तवंग असलेला झणझणीत रस्सा. त्यावर कच्चा कांदा, सांबार (पुण्या-मुंबईच्या वाचकांनो, आमच्याकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात, इडलीचा इथं संबंध नाही) आणि लिंबाची फोड. माझा सल्ला एवढाच की तर्री वाटीत वेगळी मागा. आधीच ओतलेल्या तर्रीत पोह्याचा लगदा होतो, आणि गाडीवाल्याला गर्दीत तेच सोपं असतं म्हणून तो न विचारता ओततो. "भाऊ, तर्री अलग" म्हटलं की तो एकदा नजर टाकतो. गिऱ्हाईक माहितगार आहे हे त्याला कळतं, मग चणेही जरा जास्त येतात.

भाचा आला दीड वाजता. अमरावतीत मित्राकडं चहा झाला म्हणे. चहाला दीड तास.

म्हणजे दुसरी गोष्टही हुकली. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून कारंज्याला महाराष्ट्र-कर्नाटकातून माणसं येतात. दत्तसंप्रदायात त्यांना दुसरा अवतार मानतात, आणि चौदाव्या शतकात इथल्या काळे आडनावाच्या घरी त्यांचा जन्म झाला. गुरुमंदिरात दुपारचा महाप्रसाद मी त्याला दाखवणार होतो. मी काही मोठा भाविक नाही. तरी पंगतीत बसून पानावर वरणभात पडतो, त्या वरणाची चव मला हॉटेलात कधी मिळाली नाही. साधं तुरीचं वरण, तूप, मीठ. बायको म्हणते भूक लागलेली असते म्हणून. असेल. पौष शुद्ध द्वितीयेला जयंतीच्या गर्दीत मात्र जेवणाच्या आशेनं जाऊ नका, पाय ठेवायला जागा नसते.

दीड ते चार हा कारंज्यात मेलेला वेळ. सकाळचं संपलं, संध्याकाळचं सुरू व्हायचं. या वेळात खायला मिळतं ते सगळं सकाळचं उरलेलं, आणि उरलेला आलूबोंडा पुन्हा तेलात बुडवून काढला की तो बाहेरून चामडं नि आतून आंबट होतो. तो खाऊ दिला नाही म्हणून भाचा रुसला. स्टँडासमोरच्या एका हॉटेलात नेलं, तिथं 'स्पेशल थाळी'च्या नावाखाली लाल रंगाचं पनीर आलं. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

मग त्याला घेऊन गल्ल्यांतून फिरलो. कारंज्याच्या जुन्या भागात दिगंबर जैनांची तीन प्राचीन मंदिरं आहेत: काष्ठासंघाचं, सेनगणाचं आणि बलात्कारगणाचं (ही जैन मुनींच्या जुन्या परंपरांची नावं, भलता अर्थ घेऊ नका). काष्ठासंघ मंदिरातलं लाकडावरचं कोरीवकाम पाहून तरी त्याचा राग उतरेल असं वाटलं, आणि उतरला. या वस्तीत एक गोष्ट खाणाऱ्यानं ध्यानात ठेवावी. इथली बरीच घरं सूर्य मावळायच्या आत जेवतात, कांदा-लसूण खात नाहीत. त्यामुळं या बाजूच्या फरसाणाला, शेवेला, मुंगाच्या भज्यांना एक वेगळी चव आहे. लसणाच्या जागी जिरं, ओवा आणि हिंग बोलतो. मी स्वतः कांदा-लसणावर वाढलेला माणूस, तरी शेव घ्यायची तर इथलीच घेतो, कारण दुसऱ्या दिवशी तिला वास मारत नाही. आणि दिवस मावळायच्या आधीची गर्दी इथं बघावी. चार ते साडेपाच. कोणाच्या हातात पिशवी, कोणाच्या हातात डबा, सगळ्यांना घाई. नंतर गेलात तर गल्ली झोपलेली.

चालता चालता त्याला कस्तुरीच्या हवेलीची आख्यायिका सांगितली. उंटांवर कस्तुरी लादून एक व्यापारी गावात आला. एवढा माल घेईल असं गिऱ्हाईक या खेड्यात कुठलं, असं तो म्हणाला. इथल्या सावकारानं सगळी कस्तुरी एकदम विकत घेतली आणि हवेलीच्या बांधकामात कालवून टाकली. ओल आली की भिंतीला सुगंध सुटे म्हणतात.

भाचा थांबला, नाक वर केलं. "मामा, येतो आहे खरंच वास."

वास येत होता. मंगरूळ वेशीच्या अंगाला एक म्हातारे काका भज्यांचा पहिला घाणा काढत होते. चार वाजले होते.

आता इथं जरा थांबून सांगतो, कारण माझ्या मते कारंज्यात खाण्यासारखी एकच गोष्ट निवडायची असेल तर ही. मिरचीचे भजे आणि कढी. मिरची लांब, हिरवी, मधे चिरून आत ओवा-मीठ. बेसनाचं आवरण पातळ, इतकं की टोकाला मिरची उघडी दिसते. आणि कढी म्हणजे जेवणातली नव्हे. पातळ, पिवळी, आंबट, कढीपत्ता नि हिरव्या मिरचीची फोडणी दिलेली, मोठ्या पातेल्यात सतत उकळत असलेली. भजं ताटलीत कुस्करायचं, वरून पळीनं कढी घ्यायची, पुन्हा घ्यायची. कढीचे वेगळे पैसे नाहीत, हे तर सगळ्यात मोठं. पहिल्या घाण्याला तेल नवं असतं आणि कढई नीट तापलेली नसते, म्हणून जाणकार दुसऱ्या घाण्याची वाट बघतात. काकांना मी एकदा विचारलं होतं, कढी एवढी पुरवता कशी. म्हणाले, "ताक घरचं. बेसनच तेवढं विकतचं. मोटारवाले, तुमी तार जास्त लावता का? मग मी बेसन काऊन जास्त लावू?"

भाच्यानं सहा भजे खाल्ले आणि सातव्याला रडला. मिरची भेटली त्याला खरी. शेजारच्या गाडीवरून गोटीचा सोडा आणून पाजला. गोटी आत ढकलायचा 'फट्' आवाज त्यानं पहिल्यांदा ऐकला म्हणे. नागपुरात राहतो, पण मॉलच्या बाजूला.

त्याला अजून शकुंतला पाहायची होती. यवतमाळ-मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची गाडी कारंज्यावरून जायची, आता बंद आहे. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन ती १९९४ पर्यंत ओढत होतं, मग डिझेल आलं. माझ्या धंद्यातला माणूस त्या इंजिनाला हात जोडतो. ७० वर्षं चाललेलं यंत्र! मी भरलेली मोटार पाच उन्हाळे काढते तर शेतकरी मला चहा पाजतो. स्टेशनवर आता खायला काही नाही. पूर्वी गाडी इतकी सावकाश असायची की माणूस उतरून फुटाणे घेऊन पुन्हा चढे. मी स्वतः चढलो आहे.

येताना रस्त्यावर ठेल्यावर उकडलेल्या तुरीच्या शेंगा घेतल्या. हा थंडीतला माल, मार्गशीर्ष-पौषातला. मोठ्या गंजात (म्हणजे पातेल्यात) मीठ घालून उकडतात, वाफ निघत असते, ठेलेवाला कागदाच्या पुड्यात घालून देतो. शेंग दातांत धरून ओढायची, दाणे तोंडात नि सालपट रस्त्यावर. (रस्त्यावर टाकू नये, मी खिशात टाकतो, बायको धुताना बोलते.) पुढं माघात हरभऱ्याचे ढाळे येतात आणि ऊन तापायला लागलं की रसवंतीची घुंगरं. त्यामुळं महिनाही विचारून या. उन्हाळ्यात येऊन तुरीच्या शेंगा मागणारे पाहुणे आम्ही पाहिले आहेत. समृद्धी महामार्ग झाल्यापासून असे फार येतात. कारंज्याला उतरतात, गाडीतूनच काच खाली करून "यहाँ फेमस क्या है" विचारतात, कोणी बोट दाखवलं तिकडं जातात आणि अर्ध्या तासात पुन्हा महामार्गावर.

रात्री साडेनऊला शेवटचं. लोखंडी कढईत संध्याकाळपासून आटत ठेवलेलं दूध. वर सायीची जाड गोधडी. दूधवाला उंचावरून एका भांड्यातून दुसऱ्यात ओततो, फेस आणतो, मग सायीचा तुकडा तोडून वर ठेवतो. साखर आधीच असते, पुन्हा घालू देऊ नका. हे दूध आठला प्याल तर पातळ लागेल, अकराला संपलेलं असेल. भाच्यानं दोन ग्लास घेतले. मिरचीची भरपाई, म्हणाला. मग मोबाईल काढून म्हणतो, "मामा, या ठिकाणाचं नाव काय लिहू?"

नाव नव्हतं. पाटीही नव्हती. मी दूधवाल्याकडं पाहिलं, त्यानं माझ्याकडं. "लिवा, रातचं दूध," तो म्हणाला.

एवढ्या रात्री नागपूरला कुठं जातो, म्हणून त्याला घरी आणलं. झोपताना त्यानं सहाचा गजर लावला. पोहे खाल्ल्याशिवाय जात नाही म्हणाला. मोटरसायकलवर डबलसीट, थंडीत, मफलर गुंडाळून आम्ही सव्वासातला दारव्हा वेशीबाहेर हजर.

गाडी होती. कढई पालथी होती. शेजारच्या पानठेल्यावर विचारलं तर म्हणे, "साळीचं लगन हाय ना त्याच्या. परवा येईन आता."

घरी परतलो. बायकोनं शिळी भाकर कुस्करून त्यावर लसूण-मिरचीची फोडणी दिली, वर दही आणि जवसाची चटणी. भाचा खाताना काही बोलला नाही. जाताना गाडीची काच खाली करून विचारलं, "मामी, हे किती वाजेपर्यंत मिळतं?"