उजवीकडची पट्टी

दुपारी जेवण झालं की मी हल्ली फोनवर चित्रं बघत लोळतो. परवा असंच लोळताना एक लोळणारा गृहस्थ भेटला. सोफ्यावर रेललेला, दाढीवाला, एक पाय वर, एक हात केसांत. बायको पियानो वाजवतेय, आणि हा ऐकतोय की कंटाळलाय ते कळायला मार्ग नाही. गृहस्थ म्हणजे चित्रकार एदुआर माने (आपल्या सांगलीकडचे नव्हेत, पॅरिसचे). काढणारा त्याचा दोस्त, एदगार देगा. साल १८६८-६९च्या आसपासचं.

आणि बायको? तिचे केस आहेत, कान आहे, पाठ आहे. तोंड नाही, हात नाहीत, पियानोही नाही. उजवीकडे वरपासून खालपर्यंत नुसती तपकिरी, कोरी पट्टी.

देगाने हे चित्र मानेला भेट दिलं होतं. बायकोचा, म्हणजे सुझानचा, चेहरा काही जमला नाही, असं मानेला वाटलं म्हणे. मग त्याने तेवढा भाग सरळ कापून टाकला. पुढे देगा त्याच्या घरी गेला आणि भिंतीवर बघतो तर हे! निरोपही न घेता स्वतःचं चित्र उचलून तो चालता झाला. घरी येऊन देगाने मानेकडून मिळालेलं आलुबुखारांचं छोटंसं चित्र भिंतीवरून काढलं आणि ‘महाशय, तुमचे आलुबुखार परत पाठवतोय’ अशा अर्थाची चिठ्ठी लावून धाडून दिलं. कट्टी झाल्यावर दिलेलं खोडरबर परत करायचं, तशातला प्रकार. म्हातारपणी देगाने चित्रांचा व्यापारी व्होलार याला हे सगळं सांगितलं. मानेशी फार दिवस भांडून राहताच यायचं नाही, असंही सांगितलं. दोघांची बट्टी झाली, पण तोवर मानेने ते आलुबुखार विकून टाकले होते!

आमच्या आजोळी काळ्या पानांचा एक अल्बम होता. पानापानात जाळीचा कागद, फोटोंना चारी कोपऱ्यांत चिकटवलेले त्रिकोण. मे महिन्यात बाहेर ऊन मी म्हणत असलं की आम्ही पोरं तो घेऊन माजघरात पालथी पडायचो. त्यात एका लग्नातला ग्रुप फोटो होता. मामाच्या खांद्यावर एक हात ठेवलेला, मनगटात बांगड्या, आणि मनगटाच्या पुढे बाई नाही. फोटोच तिथे संपलेला. हात कोणाचा यावर आमच्या पैजा लागायच्या. आजीला विचारलं की ती म्हणायची, "झुरळांनी खाल्ला गं बाई तेवढा." आमच्यातली एक आगाऊ मावसबहीण म्हणाली, "आजी, झुरळं पट्टी लावून खातात का?" तिला त्या दिवशी आमरस शेवटी मिळाला.

तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. कोणाच्याही घरी फोटो दाखवायला काढले की मी आधी कडा बघतो. मधल्या हसऱ्या मंडळींचं काय, ती हसणारच.

मानेची बाजूही घ्यायला हवी. सुझान उत्तम पियानो वाजवायची. मूळची हॉलंडची, माने भावंडांना पियानो शिकवायला आलेली. आपल्या बायकोचं नाक कसं आहे हे दोस्ताने येऊन सांगावं, हे कोणाला रुचेल? मानेने स्वतः तिला पियानोवर बसवून काढलंच, तेही त्याच सुमारास. ते चित्र पॅरिसमध्ये ओर्सेच्या संग्रहालयात आहे. त्यात ती शांत, नीटनेटकी, एका बाजूने दिसते. देगाचं कापलेलं चित्र मात्र जपानमध्ये किटाक्युशूला आहे. स्वतःच्या आळसटलेल्या चेहऱ्याला मानेने कात्री लावली नाही, हेही लक्षात घ्या. तो त्याला पसंत पडला असावा.

देगाने मानेची चित्रं वारंवार काढली, पेन्सिलीने काढलेली, छापून घेतलेली. मानेने देगाचं काढलेलं एकही माहीत नाही. १८८३ मध्ये माने गेला. मेक्सिकोचा बादशहा मॅक्सिमिलियन याला गोळ्या घालतानाचं त्याचं एक भलंमोठं चित्र तुकडे होऊन पांगलं होतं. ते तुकडे देगाने शोधशोधून विकत घेतले आणि एका कॅनव्हासवर परत जुळवले. सध्या ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहेत. मधल्या मोकळ्या जागा तशाच आहेत, पण तुकडे आपापल्या ठिकाणी.

एवढी चिकाटी असलेल्या माणसाने स्वतःच्या चित्राला कोरी पट्टी जोडून घेतली होती, तीही सुझानला पुन्हा रंगवायची म्हणूनच. ती १९०६ पर्यंत होती. देगा १९१७ मध्ये गेला. शेवटी शेवटी त्याची नजर गेली होती हे खरं, पण त्याआधी वर्षं काय थोडी होती? एक दुपार बोलावून बसवायचं, की झालं. दोघांच्या रुसव्याफुगव्याची ही गोष्ट सगळे चवीने सांगतात, मीही आत्ता सांगितलीच. त्या गोष्टीत सुझानला कोणी काही विचारल्याचं मात्र कुठेच येत नाही.