तेलाचा एक थेंब

आमच्या घरात सगळ्या दुखण्यांवर एकच औषध: तेल. पंखा कुरकुरला, तेल. शिलाई मशीन अडलं, तेल. पोराचं अभ्यासात लक्ष लागेना, तर आजी खोबरेल घेऊन टाळूवर थापायला हजर. त्यामुळे इथे न्यू जर्सीत एका गॅरेज सेलमधून लायनेल या अमेरिकी खेळणी-कंपनीचं १९५०च्या दशकातलं, विजेवर चालणारं वाफेच्या इंजिनाचं खेळणं आणलं, आणि ते रुळांवर नुसतंच घुं घुं करत बसलं, तेव्हा माझा हात आपसूक बाटलीकडे गेला.

तेल घातलं. चार ठिणग्या उडाल्या, करपट वास आला, आणि इंजिनाने मान टाकली.

स्क्रू काढून वरचं कवच उचललं तर आत माझ्याच घराण्यातलं कुणीतरी आधी येऊन गेलं होतं. जिकडेतिकडे तेल, तेही पार चिकट झालेलं. मोटारीच्या कॉम्युटेटरला, म्हणजे वीज आत घेणाऱ्या फिरत्या भागाला, तांब्याचे तीन तुकडे असतात. त्यांच्यामधल्या फटींत, त्यांना घासून वीज देणाऱ्या कार्बन ब्रशची भुकटी आणि तेल यांचं काजळ गच्च बसलं होतं. वीज मोटार फिरवण्याऐवजी आडवाटेनेच परस्पर निघून जात होती. आसांना गालिच्याचे हिरवे धागे गुंडाळलेले. कुणाच्या तरी दिवाणखान्यातला गालिचा, सत्तर वर्षांपूर्वीचा!

स्पिरिट आणि दात कोरायच्या काडीने तीन संध्याकाळी फटी कोरल्या. घुं घुं मात्र मोटारीचं नव्हतंच. ही गाडी एसी, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या विजेवर चालते, त्यामुळे तारा उलटसुलट करून तिची दिशा बदलत नाही. म्हणून पोटात एक छोटा ड्रम असतो. वीज तोडून पुन्हा दिली की तो एक घर सरकतो. पुढे, थांबा, मागे, थांबा. त्याला सरकवणारं विद्युतचुंबक तेवढं गुणगुणत असतं. मी उगाच त्या बिचाऱ्यावर संशय घेतला.

चौथ्या दिवशी गाडी निघाली. मागे निघाली आणि चहाच्या कपावर आदळली, पण निघाली. धुराड्यात धुराची गोळी टाकली, तर भक् भक् करत धूरही आला. तेवढ्यात सांगलीहून आईचा व्हिडिओ कॉल. तिने चाकांची कुरकुर ऐकली.

"तेल घातलंस का रे?"

"घालतोय. सुईच्या टोकाने, आसाला एक थेंब."

"एकच?"