64 चे 16384 कसे झाले

मुलुंडच्या आमच्या घरात टीव्हीच्या टेबलाखाली एक पॉवरमॅक जी4, म्हणजे ॲपलचा जुना कॉम्प्युटर, आहे. आई त्याला डबा म्हणते आणि दर दिवाळीच्या साफसफाईत विचारते, "अरे, भंगारवाल्याला देऊन टाकू का हा?" डबा ठेवलाय तो नुसती हौस म्हणून नाही (बरं, थोडी हौस आहेच). लिनक्स कर्नलचं, म्हणजे या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं, नवीन आरसी (रिलीजआधीचं चाचणी व्हर्जन) आलं की मी ते 32-बिट पॉवरपीसीसाठी, म्हणजे डब्याच्या जातीच्या प्रोसेसरसाठी, लॅपटॉपवरच क्रॉस-कंपाइल करून तयार करतो, डब्यावर चढवतो आणि बूट होतंय का बघतो. बस्स.

गेल्या पावसाळ्यात त्याचा यूएसबी नेटवर्क डाँगल गप्प झाला. वाटलं दमट हवेने गेला, पण लॅपटॉपला लावला तर मस्त चालतोय. मग बायसेक्ट, म्हणजे बिघाड नेमक्या कुठल्या बदलाने आला ते निम्मे-निम्मे करत शोधायचं. चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या व्हर्जनच्या मधे तेरा-चौदा हजार कमिट (कोडमधले बदल), दर वेळी निम्मे बाद, म्हणजे साधारण 14 फेऱ्या, एका फेरीला कंपाइल, कॉपी, रीबूट धरून अर्धा तास, अख्खा रविवार त्यात गेला आणि मधे लाइट गेली ती वेगळीच. निघालं काय तर कोणीतरी ड्रायव्हरची साफसफाई करताना 'एलई16-टू-सीपीयू' एवढं एक, म्हणजे बाइटचा क्रम मशीनला हवा तसा लावणारं फंक्शन, काढून टाकलेलं.

डाँगल पॅकेटची लांबी लिटल-एन्डियन, म्हणजे धाकटा बाइट आधी, अशी पाठवतो. इंटेलवाल्यांची मशीनं तशीच वाचतात, त्यामुळे तिकडे कोणाला काही कळलंच नाही. माझा जी4 बिग-एन्डियन, म्हणजे मोठा बाइट आधी धरणारा, दोन बाइट उलटे वाचतो. 64 म्हणजे हेक्समधे 0040, त्याचं झालं 4000, म्हणजे 16384. ड्रायव्हर म्हणतो एवढं मोठं पॅकेट असूच शकत नाही, फेक. आलेलं प्रत्येक पॅकेट कचऱ्यात!

ड्रायव्हर सांभाळणाऱ्याला मेल टाकली, दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं की माझ्याकडे असं मशीनच नाही, हा पॅच (कोडची दुरुस्ती) चालतो का बघ. चालला. पॅचच्या टेस्टेड-बायमधे, म्हणजे तपासणाऱ्याच्या ओळीत, माझं नाव लागलं, आईला दाखवलं, ती म्हणाली पैसे किती मिळाले.

लोकांना वाटतं कर्नलमधून एखाद्या प्रोसेसरची सोय तो जुना झाला म्हणून काढतात. तसं असतं तर मोटोरोलाचं 1979 चं 68000 प्रोसेसरचं घराणं कधीच गेलं असतं, ते अजून आहे, कारण त्याला सांभाळणारी माणसं आहेत. इंटेलचं इटॅनियम त्याच्यापेक्षा कितीतरी नवीन, तरी कर्नलच्या 6.7 व्हर्जनमधून गेलं. 2018 मधे 4.17 मधून तर एकदम आठ आर्किटेक्चर (प्रोसेसरच्या जाती) काढली. पागडीच्या खोलीसारखं आहे हे, आत कोणीतरी राहताना दिसलं पाहिजे, नुसतं कुलूप दिसलं की बिल्डर आलाच. आणि काढणाऱ्यांना मी शिव्या देणार नाही. इंटेलच्या 386 प्रोसेसरसाठी कोडमधे जागोजागी वेगळी सोय ठेवावी लागायची, लिनक्स जन्मलं त्यावरच, तरी 3.8 मधे काढलं. ज्यांनी दहा वर्षांत एकदाही बूट केलं नाही तेच सगळ्यात जास्त बोंब मारतात, त्यांचा मात्र राग येतो.

आत्ता डब्याची तारीख परत 1904 झालीय. मॅकचं घड्याळ तिथूनच सेकंद मोजायला लागतं, आतला सेल मेला की तिकडेच जाऊन बसतं, मग बूट होताना डिस्क कुरकुरते की मला भविष्यात कोणी माउंट केलं (वापरायला जोडलं). 3.6 व्होल्टचा अर्ध्या उंचीचा तो सेल शोधत शनिवारी लॅमिंग्टन रोडवर तीन दुकानं फिरलो, चौथ्याने खालच्या ड्रॉवरमधून धूळ झटकून काढला. "किसमें लगेगा ये?"

म्हटलं, घड्याळात.