टिंब वर की खाली

आण्णांच्या पेटीला माझा हात लागला तो आधी भात्याला. एकादशीला देवळात भजन असलं की आण्णा पेटीपुढे मांडी घालून बसायचे आणि मी पलीकडे उकिडवी. भाता माझ्याकडे, म्हणजे त्यांचे दोन्ही हात मोकळे. ओळ संपत आली की हळू मारायचा, बुवांनी वर झेप घेतली की भरून. चुकलं की पेटी धाप लागल्यासारखी करायची आणि आण्णा नुसते बघायचे. अभंगाची ओळ केवढी लांब असते ते मला मनगटातून कळलं, मात्रा कुणी मोजून दाखवल्या नाहीत. पुढे वाजवायला लागले तेव्हाही तेच. ऐकायचं, त्यांच्या बोटांकडे बघायचं आणि दुपारी घरी चाचपडत बसायचं. कागद कुठेच नव्हता.

त्यामुळे "मी कानाने शिकले" असं मी बरीच वर्षं ऐटीत सांगत असे.

लग्न होऊन सांगलीत आले, महिला भजनी मंडळात पेटीला बसले आणि पहिल्याच दिवशी फजिती. गावाकडची मंडळी काळी एकमध्ये गायची, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी हा सा, इथल्या बायका पांढरी पाचमध्ये, म्हणजे पाचवी पांढरी हा सा. काळी एकचा भूप राग म्हणजे सा, रे, प, ध चारही काळ्यांवर, एकटा गंधार तेवढा पांढरीवर. पांढरी पाचला मात्र पाचही सूर पांढऱ्याच! चाल डोक्यात लख्ख वाजत होती आणि बोटं आपली सवयीने काळ्यांवर जाऊन बसत होती. शेजारच्या काकू टाळ थांबवून म्हणाल्या, "अगं, येतं म्हणालीस ना?" येत होतंच की, पण फक्त काळी एकमध्ये. मी कानाने कुठली शिकले होते, बोटांनी शिकले होते.

मग एका सरांकडे जायला लागले. पहिले काही दिवस त्यांनी पेटी उघडूच दिली नाही. "वडिलांची एक चाल लिहून आणा," म्हणाले. सूर कागदावर लिहायची भातखंडे लिपी काही अवघड नाही. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्राला, म्हणजे खालच्या सप्तकाला, खाली टिंब, वरच्या तार सप्तकाला वर, समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, फुली, टाळी न देता हात मोकळा सोडायच्या 'खाली'ला शून्य. तरी एका ओळीला मला तीन रात्री लागल्या. दर स्वराला थांबून विचारावं लागायचं, हा रिषभ की गंधार? इतकी वर्षं वाजवत आले आणि हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. पण चाल कागदावर उतरली आणि काळी-पांढरीचा घोळच संपला, कारण कागदावरचा सा कुठल्याच पट्टीला बांधलेला नसतो. माझा मुलगा कीबोर्डच्या क्लासला पाच रेघांचं नोटेशन शिकतो. त्यात प्रत्येक टिपक्याची जागा ठरलेली, म्हणून गाणाऱ्याची पट्टी बदलली की हा पठ्ठ्या ट्रान्सपोजचं बटण दाबतो. माझ्या पेटीला कुठलं आलंय बटण!

त्यानंतर मी लिपीवर जरा जास्तच भाळले. देवळातल्या ट्रंकेत एक जुनी वही सापडली, पानंच्या पानं स्वरलिपीची. मी रुबाबात ती मंडळात लावली. पहिल्याच ओळीत सूर थेट तार सप्तकात, बायकांच्या मानेच्या शिरा ताणलेल्या, एक आजी तर उठून पाणी प्यायला गेल्या. सरांनी वही बघितली आणि हसतच सुटले. वही पलुसकर पद्धतीची होती. तिथे वरचं टिंब म्हणजे मंद्र! तार सप्तकाला वर उभी रेघ, समेला १ आणि खालीला अधिकची खूण.

विष्णु दिगंबर पलुसकर कुरुंदवाडचे, म्हणजे आमच्या अगदी शेजारचे. लहानपणी फटाक्याने डोळे अधू झालेल्या या माणसाने १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि डोळ्यांनी वाचायची लिपीही बसवली. भातखंडे मुंबईचे, पेशाने वकील. घराण्यांतल्या बंदिशी मिळवून त्यांनी त्या आपल्या लिपीत छापल्या. दोघेही एकाच काळातले, पण टिंबावर काही एकमत झालं नाही. झालं असतं तर आमच्या बायकांचे घसे तरी वाचले असते.

परीक्षेत देसकार राग वाजवायला सांगितला तेव्हा मी आरोह-अवरोह बिनचूक वाजवला आणि पुढे सरळ भूपच वाजवत राहिले. पाचही स्वर तेच. देसकारात धैवत वादी, म्हणजे मुख्य स्वर, भूपात गंधार, हे मी पेपरात लिहूनही आले होते. पण त्या धैवतावर थांबायचं कसं, ते माझ्या कानात नव्हतं.

गेल्या दिवाळीत आण्णांना त्यांचीच चाल वाजवून दाखवली, पुढ्यात माझी वही. हल्ली त्यांची बोटं वळत नाहीत. "एवढ्या वर कोण गातं?" कुरकुरले, आणि सरकत सरकत पलीकडे जाऊन भात्याला हात घातला. दुसऱ्या ओळीत मी धैवत सोडून पुढे निघाले तर भाता अजून भरतच होता. परत वाजवलं, परत तिथेच. म्हणजे त्यांना धैवत अजून हवा होता. मी पेन्सिलीने धैवतापुढे स्वर लांबवायची आणखी एक आडवी रेघ ओढली, ठेका चुकू नये म्हणून पुढचे दोन स्वर एकाच मात्रेत कोंबले आणि त्यांच्याखाली चंद्रकोर काढली.