दोन टेकच्या मधले

अमेरिकेतल्या मेम्फिसमध्ये मी जुन्या ध्वनिफितींचे डिजिटल रूपांतर करण्याचे काम करते. गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे आलेले एक रीळ अजून माझ्या मनातून जात नाही, म्हणून हे लिहीत आहे. कामाच्या करारामुळे कोणाचेही नाव देता येणार नाही.

रीळ १९७७ सालचे, दोन इंच रुंद, चोवीस ट्रॅकचे होते, म्हणजे त्यावर गळा आणि वाद्ये शेजारशेजारच्या वेगळ्या पट्ट्यांत नोंदवलेली होती. त्या काळातल्या अनेक अमेरिकी फितींना एक ठरलेला रोग असतो. चुंबकीय कण धरून ठेवणारा बाइंडर हवेतला ओलावा शोषून चिकट होतो, आणि अशी फीत तशीच यंत्रावर चढवली, तर ती किंचाळत चालते आणि ज्या थरात आवाज आहे तोच थर खरवडून हेडवर, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, सोडते. म्हणून ती आधी ५४ अंश सेल्सिअसच्या आसपास, तापमान फारसे हलू न देता, कित्येक तास भाजावी लागते आणि तितक्याच सावकाश निवू द्यावी लागते. त्यानंतर ती काही आठवडेच सुरळीत चालते. हे रीळ ज्याने ध्वनिमुद्रित केले तो माणूस फार नेटका असावा. सुरुवातीला त्याने तपासणीचे सूर नीट नोंदवले होते, त्यामुळे हेडचा कोन मला अंदाजाने लावावा लागला नाही. शिवाय फितीचा शेवट बाहेरच्या बाजूला ठेवून त्याने रीळ गुंडाळले होते. असे केले की शेजारच्या वेढ्यातून उतरणारा पुसट ठसा शब्दाच्या आधी ठळक न उमटता नंतर उमटतो आणि गाण्यात लपून जातो. ही शिस्त मला आता क्वचितच दिसते.

हक्कधारक कंपनीला गाण्यांचे पुनर्प्रकाशन करायचे होते आणि तिची सूचना अशी होती, की प्रत्येक टेक, म्हणजे गाण्याचा एकेक सलग ध्वनिमुद्रित प्रयत्न, आकडे मोजण्यापासून शेवटचा सूर विरेपर्यंत द्यावा व मधले बोलणे कापून टाकावे. अशा सूचनांची मला मनस्वी चीड येते. सेकंदाला पंधरा इंच वेगाचे असे रीळ सुमारे ३३ मिनिटे चालते; चोवीसही ट्रॅक ९६ किलोहर्ट्झ आणि २४ बिटमध्ये घेतले, तरी सगळे मिळून चौदा जीबीच्या आत मावतात. एवढ्याशा जागेसाठी पुरावा पुसायचा?

त्या दिवशी गायिका स्वतः स्टुडिओत आल्या होत्या, कारण सोबतच्या पुस्तिकेसाठी त्यांची मुलाखत व्हायची होती. वय ऐंशीच्या घरात. बाई चर्चच्या गायकवृंदात वाढल्या, तरुणपणी क्लबांमधून सोल, म्हणजे चर्चच्या गाण्यातून आलेले कृष्णवर्णीयांचे लोकप्रिय संगीत, गायल्या, स्वतः गाणी रचली, आणि पुढे शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी करत दर रविवारी चर्चमध्ये गात राहिल्या. मुलाखतकाराने त्यांना संगीत का सोडले, असे विचारले. ‘मी कुठे सोडलं? रेकॉर्ड काढणाऱ्यांनी यायचं सोडलं,’ त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या गळ्याचा ट्रॅक एकटा उघडला. वरच्या पट्टीत जाण्याआधी त्या मायक्रोफोनपासून मागे सरत होत्या, हे आवाजाभोवती अचानक वाढणाऱ्या खोलीच्या घुमाऱ्यावरून स्पष्ट कळत होते. पहिला टेक संपला. मायक्रोफोन चालूच होता. त्यात तरुणपणीच्या बाई ऑर्गन वाजवणाऱ्याला सांगताना ऐकू येतात, ‘पाचव्यावर जाऊ नकोस, चौथ्यावरच थांब, मी सांगेन तेव्हा उतर.’ चर्चमध्ये तयार झालेले वादक कॉर्डला, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटाला, असे आकड्यांनीच ओळखतात. मग त्या गाण्याच्या मधल्या भागाची चाल आधी नुसती गुणगुणतात आणि नंतर शब्दांसह गातात. नियंत्रण-कक्षातून निर्माता विचारतो, ‘हे कुठून आलं?’ बाईंचे उत्तर येते, ‘आत्ताच सुचलं.’ रेकॉर्डच्या लेबलवर रचनाकार म्हणून एकट्या त्या निर्मात्याचे नाव छापलेले आहे.

त्या एका ओळीची किंमत बाहेरच्यांना सहसा लक्षात येत नाही. अमेरिकेतली रेडिओ केंद्रे गाण्याच्या प्रसारणाचे पैसे रचनाकाराला आणि प्रकाशकाला देतात, गाणाऱ्याला काहीच देत नाहीत. रेकॉर्डच्या प्रत्येक प्रतीमागे कायद्याने ठरलेला दोन सेंटांचा दर १९०९ पासून १९७७ अखेरपर्यंत तसाच होता, आणि तोही रचनेच्या हक्कदारांसाठीच होता. आता दाद मागायची म्हटले, तर सहलेखकाचा हक्क उघडपणे नाकारला गेल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा दाखल करावा लागतो.

बाईंनी तो भाग पुन्हा लावायला सांगितला आणि म्हणाल्या, ‘पोरी, ऑर्गन वर कर.’ त्या वादकाचे नाव रेकॉर्डवर कुठेच नाही आणि तो आता हयातही नाही. ‘त्याचं नाव छापा. हे गाणं माझं आहे ते आमच्या चर्चमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्याला कोण ओळखतं?’ मुलाखतकाराने ऑर्गनवादकाचे नाव लिहून घेतले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळला. नियंत्रण-कक्षातल्या निर्मात्याशी झालेला तो संवाद त्यानेही ऐकला होता. त्याचा अर्थ विचारावा, असे त्याला वाटले नाही, हे मला आजही समजत नाही.

मी काहीही न कापता अख्खे रीळ दिले आणि अहवालात कोणत्या मिनिटाला कोण काय बोलते व गाते, ते नोंदवले. कंपनीने ते विनातक्रार स्वीकारले. नंतर पुस्तिकेचे मुद्रित तपासायला आले, तेव्हा ऑर्गनवादकाचे नाव त्यात होते; रचनाकाराच्या ओळीत मात्र पूर्वीचे एकच नाव होते. मी त्या ओळीवर खूण करून अहवालातले संबंधित पान जोडले आणि मुद्रित परत पाठवले. त्यावर उत्तर आलेले नाही.